बोअरचे पाणी आणि पांढरे नळ

पुण्याच्या वेशीवरच्या नव्या सोसायटीत राहायला आलेल्या कुटुंबाला पहिला धक्का बसतो तो आंघोळीच्या वेळी. साबण कितीही चोळला तरी फेस येत नाही आणि आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखे वाटते. काही महिन्यांत नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, शॉवरची भोके बुजतात, गिझर खडखडू लागतो. तासभर शिजवूनही तूरडाळ बोटचेपी होत नाही. मग शेजारी निदान करतात, ‘पाणी जड आहे.’

खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्यांना हे नवे असते. धरणातले पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. जमिनीखालच्या खडकाशी त्याची फारशी गाठ पडलेली नसते. महापालिकेची जलवाहिनी जिथे पोहोचलेली नाही, तिथे मात्र बोअर आणि टँकरवर भिस्त असते. बोअरचे पाणी बराच काळ जमिनीत मुरलेले असते. मातीतून झिरपताना पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यातील खनिजांमधून आणि मातीतल्या चुनखडीच्या खड्यांमधून हे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम सोबत घेते. शाळेच्या पुस्तकातले ‘दुष्फेन’ पाणी ते हेच.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. अनेक बोअरचे पाणी या दोन आकड्यांच्या दरम्यान असते. म्हणजे ते पिण्यास अयोग्य नसते, पण घराला जाच करते.

हा जाच होतो कसा? साबण कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतो. बादलीच्या कडेला दिसणारी राखाडी रेघ हीच. तोच साका केसांवर आणि कपड्यांवर बसतो. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. कॅल्शियममुळे हा सांधा अधिक घट्ट होतो आणि डाळ फुटत नाही. गिझरमध्ये पाणी तापले की बायकार्बोनेटचे रूपांतर कार्बोनेटमध्ये होते आणि त्याची खपली कॉइलवर बसते. ही खपली उष्णता अडवते, त्यामुळे वीज जास्त जळते आणि कॉइल लवकर जाते. पाणी जितके कडक तापवाल, तितका थर लवकर साचतो. म्हणून गिझर मध्यम तापमानावर ठेवणे बरे.

खरी धास्ती असते ती मुतखड्याची. कॅल्शियमचे पाणी म्हणजे कॅल्शियमचा खडा, असा सरळ हिशेब लोक मांडतात. पण शरीर तसे चालत नाही. प्रौढ माणसाला रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. लिटरमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असलेले दोन लिटर पाणी प्यायले, तर त्यातून १५० मिलिग्रॅम मिळते. दुधाच्या एका पेल्यात याहून जास्त असते. शिवाय आतड्यातले कॅल्शियम ऑक्सॅलेटला धरून शरीराबाहेर नेते. जड पाण्यामुळेच खडे होतात, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. कमी पाणी पिणे हे मुतखड्याचे त्याहून पक्के कारण आहे. चव आवडत नाही म्हणून पाणीच कमी पिणारा माणूस अधिक धोका पत्करत असतो.

त्वचेचे काय? जड पाण्याच्या भागात मुलांमध्ये इसब अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत. मात्र ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी सॉफ्टनर बसवून इसबात जादा सुधारणा दिसली नाही. केस राठ होतात हे खरे; पण ते मुळापासून गळण्याचे कारण पाणीच, असे म्हणता येत नाही. ते गळणे वाढले असेल तर रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

या भीतीवरच विक्रेत्याचा प्रयोग रंगतो. नळाच्या पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडली की पाणी गंजासारखे लाल होते. ती घाण पाण्यातली नसते, लोखंडी सळई विरघळून आलेली असते. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून तो पेला स्वच्छ राहतो. टीडीएस मीटरही एकूण क्षारांचा अंदाज देतो, जडपणा वेगळा सांगत नाही. नायट्रेट, फ्लोराइड किंवा जंतू यांचा पत्ता त्याला लागत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच द्यायला हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत ही तपासणी होते.

सोसायटीने लाखभराचे यंत्र घेण्याआधी तो अहवाल हाती असावा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणा काढला, तर सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आणि तान्ह्या बाळाच्या दुधासाठी हे बरे नव्हे. म्हणून स्वयंपाकघरातली एक तोटी सॉफ्टनरविना ठेवावी. यंत्र धुतल्यावर निघणारे खारट पाणी बागेत किंवा शोषखड्ड्यात सोडू नये. नाहीतर तेच फिरून बोअरला भेटेल.

घरगुती उपाय साधे आहेत. डाळीसाठी पाणी उकळून, निवळून वरचे वापरावे. बायकार्बोनेटचा जडपणा त्याने बराच उतरतो. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. तोटीवरचा थर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेले फडके गुंडाळून ठेवल्यास सुटतो. मात्र ओट्याचा कडप्पा आणि शहाबादी फरशी हे मुळात चुनखडीचेच दगड. आम्ल थर खाते, तसे त्यांनाही खाते. आणि आम्ल व ब्लीचिंग कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सोसायटीसाठी सर्वात दूरदृष्टीचा उपाय गच्चीवर आहे. छतावर पडणारा पाऊस सुफेन असतो. तो गाळून बोअरमध्ये सोडला तर जमिनीखालचे पाणी वाढते आणि क्षारांचे प्रमाण सौम्य होऊ शकते. त्यासाठी पन्हळी आणि गाळणी पावसाळ्याआधी साफ व्हायला हव्यात.