पाणी शिळे होत नसते

आमच्या सदरमध्ये सकाळ उजाडते ती नळाच्या आवाजाने. रेसिडेन्सी रोडवरची रहदारी सुरू व्हायच्या आधी घरोघरच्या बादल्या खणखणू लागतात, कुणाचा तरी टिल्लू पंप घुरघुरतो आणि आपण समजायचे, की नळ आले. नळ आले की घरातल्या बाईचे पहिले काम ठरलेले. कालच्या गुंडातले, माठातले पाणी मोरीत ओतून द्यायचे आणि ताजे भरायचे. कालचे पाणी शिळे! माझ्या आईने हे आयुष्यभर केले, सासूबाईंनी केले आणि बँकेत जमाखर्चाचा ताळा पैशापर्यंत जुळवणाऱ्या मीही ते न चुकता केले. शिळे पाणी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कधी मनाला शिवला नाही.

तो शिवला गेल्या हिवाळ्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.

झाले असे, की माझी भाची एका तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. तिच्या वर्गाची सहल धरण पाहायला नवेगाव खैरीला निघाली होती. वर्गात निम्म्याहून अधिक मुली, आणि सोबत यायची ती दुसरी शिक्षिका ऐनवेळी आजारी पडली. रात्री भाचीचा फोन. "मावशी, उद्या चलतेस का? तुला फक्त पोरींसोबत बसायचं आहे. आणि तुझा तो भाग ओळखीचा आहे." ओळखीचा म्हणजे काय, माझ्या नोकरीची सुरुवातीची तीन वर्षे पारशिवनी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत गेली होती. मी डबा भरला आणि सकाळी सातला बसमध्ये जाऊन बसले.

छावणी, मानकापूर मागे पडले, कोराडी आले. वीजकेंद्राची चिमणी दिसताच भाचीने माइक हातात घेतला. नागपूरकरांनी वापरून सोडलेले पाणी भांडेवाडीला शुद्ध करतात आणि त्यातले दररोज १३० दशलक्ष लिटर कोराडीच्या वीजकेंद्राला द्यायची योजना झाली. तेवढे पेंचचे चांगले पाणी वाचते. "म्हणजे आपलं अंघोळीचं पाणी विजेत जातं!" मागच्या बाकावरून एक पोट्टा ओरडला. हशा पिकला. पण मला गंमत वाटली ती निराळीच. शहराने एकदा वापरलेले पाणी पुन्हा कामाला लागते आणि मी न वापरलेले पाणी मोरीत ओतते!

शहराची तहान कशी वाढत गेली, हेही भाचीने थोडक्यात सांगितले. १८७० च्या सुमारास अंबाझरीचा तलाव बांधला गेला, तो त्या काळच्या नागपूरला पुरला. मग १९१२ च्या सुमारास गोरेवाडा आला. तोही पुरेना, तेव्हा कन्हान नदीचे पाणी उचलले. आणि गेल्या शतकाच्या अखेरीस शहर पेंचवर जाऊन टेकले. आज नागपूरच्या नळाला येणारे निम्म्याहून बरेच जास्त पाणी पेंचचे आहे. दर वेळी आपण थोडे लांब गेलो. तहान गावात, विहीर दुसऱ्याच्या वावरात, असा हा प्रकार.

खापरखेडा, पारशिवनी करत पन्नासेक किलोमीटरवर नवेगाव खैरी आले. सोळा दरवाज्यांची रांग, पलीकडे डिसेंबरच्या उन्हात स्वस्थ पडलेले निळे पाणी. पोरांनी आधी फोटो काढून घेतले. मग धरणावरचे साहेब आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी पहिलेच वाक्य असे टाकले, की सगळे गप्प झाले. "तुम्ही जे पाहता आहात ते खरं धरण नाही. खरं धरण वर जंगलात आहे."

वर म्हणजे तोतलाडोहला, पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात. १९८९ मध्ये पूर्ण झालेले ते धरण पोरांना नकाशावरच पाहावे लागले. एकूण साठा १,१६७ दशलक्ष घनमीटर. त्यातला उपयुक्त साठा १,०१७ आणि मृत साठा १५०. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर. तोतलाडोहला हे पाणी आधी वीज तयार करते. १६० मेगावॅटचे ते केंद्र, त्यातली दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशाची, एक तृतीयांश आपली. चाके फिरवून झाली की पाणी खाली खैरीला येते आणि इथून त्याची वाटणी होते. डावा कालवा एकीकडे, उजवा दुसरीकडे. दोन्ही मिळून सुमारे एक लाख हेक्टर भिजवायचे, अशी मूळ आखणी. नागपूरचे पाणी उजव्या कालव्याने महादुल्यापर्यंत यायचे. पण अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या उघड्या कालव्यात थोडे ऊन पिते, थोडे जमीन पिते. म्हणून पुढे खैरीहून मोठी जलवाहिनीच टाकली. गोरेवाड्याला ते शुद्ध होते, सेमिनरी हिल्ससारख्या उंच जागच्या टाक्यांत चढते आणि उताराने आपल्या नळाला येते.

मृत साठा म्हणजे काय, ते काही पोरांना उमगेना. तेव्हा माझ्यातली बँकवाली जागी झाली. मी म्हटले, "अरे, खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते ना? तिला हात लावायचा नसतो. ती मोडायची वेळ आली तर समजायचे, घर अडचणीत आहे." साहेब हसले. म्हणाले, "२०१९ ला ती मोडली होती मॅडम."

२०१९ चा तो उन्हाळा नागपूरकर विसरलेले नाहीत. आदल्या वर्षीचा पाऊस कमी, आणि वर छिंदवाडा जिल्ह्यात पेंच नदीवरच चौराईचे धरण नव्याने उभे राहिलेले. १९६४ च्या करारात पेंचचे ३५ टीएमसी पाणी मध्य प्रदेशाचे आणि ३० टीएमसी महाराष्ट्राचे असे ठरले होते. वरच्याने आपला वाटा अडवला, त्यात गैर ते काय? पण इतकी वर्षे त्यांचे न अडवलेले पाणीही आपल्याच डोहात येत होते आणि आपण ते आपलेच धरून चाललो होतो. तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपला. मृत साठ्यावर शहर जगले. जुलैमध्ये नळ एक दिवसाआड झाले. पुढे सप्टेंबरात इतका पाऊस झाला, की त्याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि पुढच्या वर्षी, २०२० च्या ऑगस्टअखेर, पेंच-कन्हानच्या पुराने काठची गावे पाण्याखाली गेली.

प्रश्नोत्तरे सुरू झाली. भिंतीची जाडी किती, गेट कसे उचलतात, गाळ किती साचतो. परीक्षेत येण्याजोगे प्रश्न. इतक्यात माझ्या शेजारी बसून आलेली एक मुलगी उभी राहिली. सदरमध्ये मावशीकडे राहून शिकते, गाव मौद्याकडे. म्हणाली, "सर, डावा कालवा आमच्याकडेच येतो. पण आमचं वावर टेलला आहे. धान गर्भावर येतो तेव्हाच पाणी पोचत नाही. बाबा रात्र रात्र कालव्यावर जागतात. सदरला मात्र मावशीकडे रोज सकाळी पाणी येतं. असं कसं जी?"

ते 'जी' तिने इतक्या अदबीने म्हटले, की प्रश्नाला आणखीच धार आली.

साहेबांनी उत्तर टाळले नाही. राज्याच्या जलनीतीत पहिला मान पिण्याच्या पाण्याचा, हे त्यांनी सांगितले. २००३ च्या नीतीत त्याखालोखाल उद्योग होता आणि शेती तिसरी. २०११ मध्ये तो क्रम बदलून शेती दुसरी केली. "तहानलेल्याला आधी पाणी, यात वाद नाही," ते म्हणाले. "पण शहर मोजतं ते सगळंच पिण्याचं नसतं. गाड्या धुण्याचं, हिरवळीचं, गळतीचं पाणीही पिण्याच्याच नावावर जातं. ते तुमच्या बाबांच्या वाट्यातून जातं, हे खरं आहे."

मुलगी खाली बसली. माझ्याकडे पाहून उगाच हसली. मला काही हसता आले नाही.

कारण मला आठवत होते १९८४ साल. मी नवी कोरी अधिकारी, वय पंचवीस. धरणाची, कालव्यांची कामे सुरू होती आणि ज्यांची जमीन कालव्यात गेली ते लोक मोबदल्याचे चेक घेऊन आमच्या शाखेत येत. आम्ही खूश! ठेवी वाढत होत्या, वरून शाबासकी मिळत होती. अंगठा घ्यायचा, पासबुक द्यायचे, पुढचा. त्यातले एक म्हातारबाबा दर आठवड्याला येत आणि शंभर-दोनशे काढत. मी त्यांना मुदत ठेवीचे महत्त्व समजावी, ते मान हलवीत. दोन वर्षांत मुलीचे लग्न झाले, मुलाची मोटरसायकल झाली, घरावर कवेलू जाऊन पत्रे आले आणि खाते रिकामे झाले. शेवटचे पैसे काढायला आले तेव्हा पासबुक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बाई, वावर दरसाली पिकत होतं. पैसा एकच डाव पिकला."

मी कादंबऱ्या लिहिल्या, पण इतके सरळ वाक्य मला कधी लिहिता आले नाही.

आणि जंगलातल्या डोहाखाली ज्यांची वस्ती गेली त्यांचे काय? पेंचचे राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, महाराष्ट्राचा व्याघ्र प्रकल्प १९९९ चा. मधल्या काळात तिथे धरण भरले. पूर्वी उद्यानाच्या हद्दीत राहणाऱ्या मध्य प्रदेशातल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारीचे परवाने दिले गेले, तेव्हा त्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. १९९७ मध्ये न्यायालयाने त्यांचा मासेमारीचा हक्क राखला, पण अटी घातल्या. ओळखपत्र जवळ हवे, ठरल्या वाटेनेच यायचे, आणि किनाऱ्यावर स्वयंपाकासाठी विस्तव पेटवायचा नाही. जंगल राखायचे तर अट रास्तच. तरी मनात येते, ज्या परिसरात आजीची चूल होती तिथे नातवाने चूल पेटवायची नाही. त्या चुलीच्या बदल्यात माझ्या सदरच्या घरात सकाळी गुंड भरतो.

वाचकहो, धरण बांधू नये असे मला म्हणायचे नाही. तीस लाखांच्या आसपासचे हे शहर विहिरींवर जगणार नाही, आणि पेंच नसते तर मी हा लेख तहानलेल्या घशाने लिहिला असता. पण बँकेत एक गोष्ट मी शिकले. कर्ज घेणारा हप्ता विसरतो तो त्याची नियत वाईट म्हणून नव्हे. पैसा हाती आला की तो आपलाच वाटू लागतो म्हणून. नळाचेही तसेच होते. आपण पाणीपट्टी भरतो, आणि ते बिल म्हणजे पाण्याची किंमत असे समजतो. ती फार तर वाहतुकीची हमाली आहे. किंमत भरणारे निराळे. त्यातले एक अजून मौद्याच्या टेलला रात्री जागतात.

परतताना बसमध्ये गाण्याच्या भेंड्या रंगल्या. ती मुलगी मात्र वहीत काही लिहीत होती. सहलीचा अहवाल द्यायचा होता. मी डोकावले. धरणाचे आकडे झाले होते. पाण्याच्या वाटेची आकृती काढली होती. तोतलाडोह, खैरी, कालवा, महादुला, गोरेवाडा, टाकी, नळ. पुस्तकात आकृती इथे संपते. तिने नळाच्या पुढे आणखी एक चौकोन काढला होता आणि त्यात लिहिले होते: 'मोरी'. मी विचारले, "हे ग काय?" म्हणाली, "मावशी रोज जुनं पाणी फेकते. मोजलं मी एकदा. पंधरा लिटर."

माझी मान खाली गेली. आमच्या घरचा हिशेबही तेवढाच असेल. २०१९ च्या त्या जुलैत, नळ एक दिवसाआड येत असताना, पाणी आले की मी काय करीत होते? परवाचे ओतून ताजे भरीत होते!

एक सुचवते. मुलांना रविवारी मॉलमध्ये नेता, महाराजबागेत नेता. एखाद्या रविवारी खैरीला न्या. आणि नुसते पाणी दाखवून परतू नका. येताना कालव्याच्या काठाने थोडे पुढे जा, कुठल्याशा वावरात थांबा आणि विचारा, "यंदा पाणी पोचले का जी?" उत्तर काहीही मिळो, मुलांना नळाच्या मागे माणसे दिसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले. सवयीने मी गुंड उचलला, मोरीकडे वळले आणि थबकले. खाली ठेवला. वर्षभर डोहात पडून राहिलेले पाणी शिळे झाले नाही, आणि माझ्या गुंडात एका रात्रीत ते शिळे कसे होईल? त्याच पाण्याने चहा केला.

चहा नेहमीसारखाच झाला होता.