पानापासून कीटकभक्षक रोप

वनस्पतीने माती, पाणी व सूर्यप्रकाश यांवर जगावे आणि कीटकाने वनस्पतीवर, ही सृष्टीतील सर्वपरिचित व्यवस्था. दवबिंदू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इवल्याशा वनस्पतीने ती उलटी फिरविली आहे. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर पावसाळ्यात ही वनस्पती दिसते. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकत असतात. त्यांवर बसलेला किडा सुटत नाही. केस त्याच्यावर वाकतात आणि पाचक रसांत तो हळूहळू विरून जातो. जांभ्या खडकावरील पातळ मातीत नत्र अत्यल्प. ते या मार्गाने मिळविले जाते. चार्ल्स डार्विनने १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले, की मांसाचा कण ठेवल्यास हे केस दीर्घकाळ मिटून राहतात. काचेचा कण मात्र ते लवकरच सोडून देतात.

अशी वनस्पती घरी असावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु पठारावरून उपटून आणलेले रोप कुंडीत बहुधा मरते. शिवाय सड्यांवरील गवती दवबिंदू एकवर्षायू आहे. बी पडण्यापूर्वी तो उपटला, तर पुढील वर्षीचे रोपही त्याच्याबरोबर गेले. तेव्हा रोपवाटिकेत वाढलेले एखादे रोप मिळवावे आणि त्याच्या पानापासून नवी रोपे करावीत, हाच सरळ मार्ग.

या प्रयोगाला बंगळूरचे चामराजपेट चांगले मानवते. १८९२ मध्ये वसविलेली ही पेठ समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. वर्षाचा बराच काळ हवा सौम्य असते. अडचण आहे ती पाण्याची. नळाच्या वा विहिरीच्या पाण्यातील क्षार माणसाला बाधत नाहीत, पण या वनस्पतीच्या मुळांना ते हळूहळू मारक ठरतात. पावसाचे पाणी मात्र तिला हवे तसे असते. बंगळुरात २००९ पासून मोठ्या घरांना पर्जन्यजल साठविणे कायद्याने बंधनकारक झाले. या छंदाची सोय त्यातच आहे. गच्ची धुऊन निघाल्यावर स्वच्छ भांड्यात धरलेले पाणी वापरावे, एवढेच. खत मात्र कधीही घालू नये. मायेपोटी घातलेल्या शेणखताने ही रोपे हमखास दगावतात.

जुने नव्हे, कोवळेही नव्हे, असे पूर्ण वाढलेले पान देठासह बुडाशी काढावे. काचेच्या लहान बरणीत पावसाचे पाणी घेऊन त्यात ते तरंगत ठेवावे, झाकण सैल लावावे आणि बरणी भरपूर उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवावी. काही आठवड्यांनी पानावर हिरवे ठिपके उमटतात. त्यांचीच पुढे इवली रोपे होतात. दरम्यान पान काळवंडले म्हणून उतावीळपणे फेकू नये; काळ्या पानावरही अंकुर आल्याचे दिसते.

पानफुटीचे पान भिंतीवर टांगून रोपे काढण्याचा खेळ मराठी घरांतून परिचित आहे. पण दोन्हींत एक भेद आहे. पानफुटीच्या कडेच्या खाचांत अंकुराची तजवीज आधीच असते. दवबिंदूच्या पानावर मात्र पृष्ठभागावरील पेशीच पुन्हा विभागू लागतात आणि तेथे नवा अंकुर घडतो.

सर्वच कीटकभक्षक इतके उदार नाहीत. पळीच्या आकाराच्या पानांचा ‘ड्रोसेरा स्पॅथुलाटा’ नवशिक्याला यश देतो. मेक्सिकोतील पिंग्विक्युलाचे पान बुडाच्या पांढऱ्या भागासह निघाले, तरच फुटते. अमेरिकेतील डायोनियाचेही तसेच. मेघालयातील घटपर्णीचे नुसते पान कितीही जपले तरी व्यर्थ. तिला पेरे असलेल्या खोडाचे कलम लागते.

खरा प्रयोग करावयाचा, तर एकाच रोपाची सहा पाने घ्यावीत. तीन पावसाच्या पाण्यात, तीन नळाच्या पाण्यात ठेवावीत. उजेड, बरणी व जागा सारखी असावी. प्रत्येक बरणीवर तारीख लिहावी आणि पहिला ठिपका दिसेल तो दिवस नोंदवावा. सहा पानांवरून सिद्धांत मांडता येणार नाही हे खरे, पण पुढच्या खेपेस काय बदलावे ते कळते.

रोपांना मुळे फुटली, की ती धुतलेली वाळू व पीट यांच्या ओल्या मिश्रणावर ठेवावीत. बरणीतील दमट हवा सोडवत नाही, म्हणून वरचे आच्छादन रोज थोडे थोडे अधिक उघडावे. टाचणीच्या डोक्याएवढ्या पानांवर चिकट थेंब दिसू लागले, की आच्छादन काढून टाकावे. त्यांना किडे पकडून भरविण्याची गरज नसते. सज्जातली चिलटे आपण होऊनच येतात.