संगणकाचे टेबल : बसावे की उभे राहावे?

आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका चाळल्या तर त्यांची पाने शिशाचे खिळे जुळवून छापलेली दिसतात. त्या काळी छापखान्यातील कंपोझिटर खणाखणांच्या लाकडी केससमोर दिवसभर उभा राहून एकेक अक्षर उचलीत असे. आज हीच स्मरणिका आपल्यातील दोन-तीन तरुण मुले-मुली संगणकावर टाईप करतात, आणि तीही बसून. काम तेच, अक्षरे जुळविण्याचे. फक्त उभा माणूस बसता झाला. आपण याला प्रगती म्हटले, आणि ती आहेच. परंतु या बसण्याचीही काही किंमत मोजावी लागते, हे गेल्या वर्षी आमच्या ध्यानात आले, म्हणून हा लेख.

आपली एक सभासद भगिनी घरून डेटा एंट्रीचे काम करते. दहा बाय बाराची खोली, घरात पाच माणसे, पलंगावर मांडी घालून मांडीवर लॅपटॉप. वर्षभरात मान आणि उजवा खांदा असा धरला की रात्री कूस बदलता येईना. कामाचे पैसे नोंदींच्या संख्येवर. हात थांबला की पैसे थांबले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका स्थितीत फार वेळ राहू नका असे सांगितले. तिने अभ्यासिकेसाठी उंची कमी-जास्त करता येणारे टेबल घ्यावे असा अर्ज कार्यकारिणीकडे दिला. अशा टेबलाशी बसूनही काम करता येते आणि बटण दाबून ते वर उचलले की उभे राहूनही. आम्ही चौकशी केली तेव्हा विजेवर चालणाऱ्या टेबलाचा भाव पंचवीस हजारांच्या घरात निघाला.

सभेत अर्ज वाचून होताच गिरणीतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद उठले. "अहो, आम्ही तीस वर्षं साच्यावर उभे राहिलो. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या. आता तुम्ही पंचवीस हजार मोजून उभं राहणार?" सभागृहात हशा पिकला, पण काकांनी पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखविला तेव्हा कोणी हसले नाही. अर्ज पुढील सभेवर ठेवला आणि माहिती गोळा करण्याचे काम आमच्याकडे आले.

प्रथम बसण्याविषयी. या विषयातील सर्वांत गाजलेले संशोधन लंडनच्या बसगाड्यांतील आहे. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी होता. पुढे १९५६ साली त्यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मुळातच मोठा असल्याचे दिसले. म्हणजे सगळा दोष खुर्चीवर ढकलता येत नाही. आपल्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी करणारी माणसे आम्हाला फार आवडतात. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. कंडक्टर नुसता उभा नव्हता, तो चालत होता, जिना चढत होता.

आणि काकांचे म्हणणे? तेही खोटे नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात सुमारे ७,३०० कामगारांची बारा वर्षांची माहिती तपासण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुख्यतः उभे राहून काम करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. २०२४ साली ब्रिटनमधील ८३ हजारांवर प्रौढांच्या मनगटी यंत्रांवरील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही अधिक उभे राहिल्याने हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका कमी झालेला दिसला नाही; उलट दिवसाला दोन तासांपलीकडे उभे राहणाऱ्यांत शिरा फुगणे, उठल्यावर चक्कर येणे अशा रक्ताभिसरणाच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. यामागचे कारण समजण्यास सोपे आहे. पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू पंपासारखे करतात, पण ते चालताना. माणूस खांबासारखा उभा राहिला की पंप बंद पडतो आणि रक्त पायातच साचू लागते.

उभे राहून वजन कमी होते असे जाहिरातीत सांगतात. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा की, बसण्यापेक्षा उभे राहण्यात मिनिटाला फक्त ०.१५ किलोकॅलरी अधिक खर्च होते. पासष्ट किलोचा माणूस सहा तास उभा राहिला तर चोपन्न किलोकॅलरी. म्हणजे साधारण अर्धी चपाती! तेवढ्यासाठी कोणी पंचवीस हजार खर्च करू नयेत.

मग या टेबलाचा उपयोग तरी काय? आमच्या मते एकच, पण मोलाचा. ते शरीराला स्थिती बदलू देते. तासन्‌तास एकाच पद्धतीने बसले की मानेचे व खांद्याचे तेच तेच स्नायू ताणलेले राहतात आणि कमरेच्या मणक्यांमधील चकत्यांवर भार एकाच तऱ्हेने पडत राहतो. उभे राहिल्यावर हा भार दुसरीकडे जातो. पुन्हा बसल्यावर पायांना विसावा मिळतो. इंग्लंडमधील लेस्टर येथे रुग्णालयांच्या कचेऱ्यांतील १४६ कर्मचाऱ्यांवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना असे टेबल आणि ते कसे वापरावे याचे मार्गदर्शन दिले, त्यांचे बसणे वर्षाअखेर कामाच्या दिवशी सुमारे ८३ मिनिटांनी कमी भरले. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ साली उभे राहणे व हलके चालणे मिळून कामाच्या दिवसात प्रथम दोन तास आणि पुढे चार तासांपर्यंत जावे असे सुचविले होते. वर सांगितलेला २०२४ चा अभ्यास पाहता त्या चार तासांत चालण्याचा वाटा मोठा ठेवावा असे आम्हाला वाटते. एका वेळी वीस मिनिटे, फार तर अर्धा तास उभे राहावे, मग बसावे, आणि मधून पाण्याच्या माठापर्यंत चक्कर मारावी. नवख्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी.

आता उंचीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. नियम सोपा आहे. हात शरीरालगत सैल सोडून कोपरात काटकोन करावा. जमिनीपासून कोपरापर्यंतची जी उंची, तीच कीबोर्डची उंची. उभ्या माणसाचे कोपर त्याच्या एकूण उंचीच्या साधारण त्रेसष्ट टक्क्यांवर येते. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे सुमारे ९५ सेंटिमीटरवर, एकशे सत्तर सेंटिमीटरच्या माणसाचे १०७ वर. चपलेची जाडी त्यात मिळवावी.

आपल्या घरातील स्वयंपाकाचा ओटा बहुधा ८० ते ८५ सेंटिमीटर असतो, म्हणजे कोपराच्या बराच खाली. तो तसाच हवा, कारण पोळी लाटताना, पीठ मळताना वरून जोर द्यावा लागतो. पण म्हणून लॅपटॉप ओट्यावर ठेवून काम करू लागलो की पाठीत वाक आलाच. (ओट्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : चुलीपुढे बसून स्वयंपाक करणारी बाई ओट्यापाशी उभी राहिली याला दोन पिढ्या झाल्या. भाजी निवडण्यापुरते तरी तिला उंच स्टूल द्यावे, असे आमच्यापैकी किती घरांत कोणाला सुचले?)

बसण्याच्या उंचीचा घोटाळा तर याहून मोठा. बाजारातील साधे टेबल ७५ सेंटिमीटर उंच असते. आमच्या त्या भगिनीची उंची १५० सेंटिमीटर. पाय जमिनीवर नीट टेकवून बसल्यावर तिचे कोपर आम्ही टेप लावून मोजले, ते साठच्या आसपास आले! म्हणजे टेबल पंधरा सेंटिमीटर उंच. ती दिवसभर खांदे उचलून टाईप करणार आणि खांदा दुखला की दोष कामाला देणार. अशा वेळी खुर्ची वर घ्यावी आणि पायाखाली पाट ठेवावा. उंची बदलणारे टेबल विकत घेणाऱ्यांनीही ते किती वर जाते यापेक्षा किती खाली येते हे आधी विचारावे. दोन टप्प्यांच्या नळ्यांची पुष्कळ टेबले सत्तरच्या खाली येतच नाहीत. तीन टप्प्यांची साठीपर्यंत उतरतात, पण महाग असतात. दुकानात उंच विक्रेता टेबल वर नेऊन दाखवितो आणि आपण भुलतो.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि पडदा हातभर अंतरावर असावा. द्विकेंद्री चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर मान मागे टाकून वाचावे लागते. लॅपटॉपची अडचण अशी की पडदा आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले. एक नीट ठेवला की दुसरा चुकतो. त्यावर उपाय म्हणजे लॅपटॉप एक वीतभर उंच खोक्यावर ठेवून वेगळा कीबोर्ड व माऊस घेणे. पंचवीस हजारांआधी हे हजारभर रुपये खर्चावेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

विजेच्या टेबलाची रचना फारशी गूढ नाही. पायांतील नळ्या एकात एक बसतात, मोटर आतील लांब स्क्रू फिरविते आणि टेबल उचलले जाते. वीज गेली तरी टेबल खाली कोसळत नाही, आहे तेथेच थांबते. फार उंच नेल्यावर डगमगते का, ते मात्र हात टेकवून पाहावे. संगणकाच्या वायरी सैल व पुरेशा लांब ठेवाव्यात. टेबल वर गेले आणि वायर आखूड पडली तर काय होते ते सांगण्याची गरज नाही.

पुढील सभेत आम्ही ही माहिती ठेवली. विजेचे टेबल घेतले नाही. आपल्यातील एका सुतार बंधूंनी प्लायवूडचे १०५ सेंटिमीटर उंचीचे टेबल मजुरी न घेता करून दिले. कमी उंचीच्या मुला-मुलींसाठी पायाखाली घेण्याच्या दोन रुंद फळ्या केल्या, एक पाच आणि एक दहा सेंटिमीटर जाडीची. खाली रबरी चटई टाकली, शिवाय एक पाय आलटून पालटून टेकविण्यास आडवी पट्टी मारली. उंच टेबल साध्या टेबलाशेजारीच ठेवले. अर्ध्या तासाने मुले जागा बदलतात. पहिला महिनाभर त्यावर कोणी उभे राहिले नाही, दप्तरे आणि डबे तेवढे ठेवले जात. मग ती भगिनी स्वतःच रोज तेथे काम करू लागली आणि पाहता पाहता दप्तरे हलली. तिचा खांदा पूर्ण बरा झालेला नाही. परंतु झोप लागते असे ती सांगते, आणि नोंदींची संख्या घटलेली नाही.

गर्भवती स्त्रिया, पायाच्या शिरा फुगलेले किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले सभासद यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उभ्याने काम सुरू करू नये.

काकांसाठी आम्ही आणखी एक गोष्ट शोधून काढली. उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा टेकण्यासाठी बसण्याची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ खाली लिहिले होते. काकांना तीस वर्षांत हे कोणी सांगितले नाही. आम्हालाही ठाऊक नव्हते. दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांच्या मागणीवरून केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. आपल्या वस्तीतील किती मुली कपड्यांच्या दुकानांत आणि मॉलमध्ये कामाला आहेत हे आपण जाणतोच. त्यांच्या बसण्याचा विषय काकांनी स्वतः पुढील सभेच्या कामकाजात घालावयास लावला आहे.

उंच टेबलाच्या डाव्या पायाला शिंप्याची टेप बांधून ठेवली आहे. प्रत्येकाने पहिल्या दिवशी आपल्या कोपराची उंची मोजून भिंतीवरील तक्त्यात नावापुढे लिहावी, म्हणजे कोणाला कोणती फळी लागेल हे दर वेळी विचारावे लागणार नाही.