घरातील लहान संकरित कुत्रे : स्वभाव व निगा

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या व कोंबड्या यांच्या जोपासनेविषयी शेतकरी बंधूंना वेळोवेळी माहिती मिळत असते. कुत्र्याविषयी लिहिण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो. प्रस्तुत लेखकाने कृषी पदवीसाठी पशुसंवर्धनाचा जो अभ्यास केला, त्यात दुभती जनावरे व कोंबड्या यांना पुष्कळ जागा होती, कुत्र्याला जवळजवळ नव्हती. वास्तविक मळ्यातील वस्तीवर असे घर विरळाच की ज्याच्या ओसरीवर कुत्रे नाही. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री आपण तसबिरीत नित्य पाहतो. दारातल्या कुत्र्याला मात्र उरलेली भाकरी टाकली की आपले कर्तव्य संपले, असे मानतो.

अलीकडे खेड्यांतही एक निराळ्या प्रकारचे कुत्रे दिसू लागले आहे. उंचीने लहान, अंगावर दाट केस, शेपूट पाठीवर वळलेले, आणि रंग मात्र आपल्या गावठी कुत्र्यासारखा तांबूस किंवा काळा-पांढरा. तालुक्याच्या गावी ज्याला सरसकट 'पॉमेरियन' म्हणतात, त्या जातीचा व गावठी कुत्र्याचा हा संकर होय. येथे हेही सांगावयास हवे की, आपल्याकडे पॉमेरियन म्हणून पाळली जाणारी बहुतेक कुत्री ही खरोखर 'इंडियन स्पिट्झ' या जातीची असतात. इंग्रजी अमदानीत आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून ही जात येथील हवेत तयार झाली. म्हणून असा संकर विलायती कुत्र्याइतका नाजूक नसतो. पण गावठी कुत्र्याइतका काटकही नसतो, हे ध्यानात ठेवावे.

संकरित ज्वारीचे बी पेरले की सारे ताट एकसारखे येते. कुत्र्याच्या संकरात तसे घडत नाही. एकाच वेतातील चार पिलांपैकी एक धीट, दुसरे भित्रे, तिसरे सारखे भुंकणारे निघते. आई-बापांपैकी कोणाचा गुण कोणत्या पिलात उतरेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून पिलू निवडताना रूपापेक्षा त्याच्या वागण्याकडे पाहावे. टाळी वाजविली असता जे क्षणभर दचकते व मग जवळ येऊन वास घेते, ते पिलू घरात चांगले रुळते. कोपऱ्यात दडून बसणारे पिलू दयेपोटी आणू नये असे नव्हे, पण त्याला अधिक वेळ द्यावा लागेल याची तयारी ठेवावी. आठ आठवड्यांच्या आत पिलू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना किती जोराने चावले म्हणजे समोरचे ओरडते, हे ते शिकत असते. फार लवकर तोडलेले पिलू पुढे तोंड आवरत नाही.

साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ स्वभाव घडण्याचा होय. या मुदतीत जी माणसे, जी जनावरे व जे आवाज पिलाच्या ओळखीचे होतात, त्यांना ते पुढे फारसे भीत नाही. ट्रॅक्टर, बैल, घुंगरू, टोपी घातलेले आजोबा, डोईवर पदर घेतलेल्या आजी, शाळेची मुले, या सर्वांची ओळख त्याला हळूहळू व धाक न घालता करून द्यावी. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे, अशी म्हण आपण सहज वापरतो. शेपटाबद्दल ती खरी असेल. स्वभावाबद्दल ती लेखकास पटत नाही.

दुसरी एक समजूत अशी की, भुंकणारे कुत्रे चावत नाही. हिच्यावर विसंबून पुष्कळांनी पोटऱ्या फोडून घेतल्या आहेत. लहान कुत्रे बहुधा भीतीने चावते. चावण्यापूर्वी ते सूचना देते: अंग ताठ करते, तोंड फिरविते, ओठ चाटते, शेपूट आत घेते, मग गुरगुरते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारण्याची रीत सर्वत्र आहे व ती अगदी चुकीची आहे. मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे सोडते, चावणे सोडत नाही. म्हणजे सूचना बंद होते आणि दात तेवढे उरतात. जेवत असताना, झोपेत असताना, किंवा दुखत असताना त्याला मुलांनी हात लावू नये, एवढा एक नियम घरात पाळला तरी बरेच दंश टळतील. दिवसभर साखळीने बांधून ठेवलेले कुत्रेही चिडके बनते. बांधलेल्या कुत्र्याला मोकळे फिरविण्याची हयगय करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

लसटोचणी

आता एक घरचाच अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी वर वर्णन केल्यासारखेच एक पिलू आणले. त्याचे नाव मोती. वजन आज आठ किलो. तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला अलर्क रोगाची, म्हणजे पिसाळण्याची, पहिली लस टोचली. महिन्याने दुसरी मात्रा व नंतर दर वर्षी एक, असे पशुवैद्यांनी कार्डावर लिहून दिले. पेरणीच्या धावपळीत दुसरी मात्रा राहिली, आणि मग राहूनच गेली. गावोगाव शेतकऱ्यांना जनावरांच्या लसीचे वेळापत्रक सांगणारा मी, माझ्या ओसरीवरचे कार्ड मात्र विसरलो.

पुढच्या थंडीत एका सायंकाळी उसातून एक परके कुत्रे वस्तीवर आले. झटापट झाली आणि ते निघून गेले. मोतीच्या कानाला जखम झाली होती. आम्ही हळद लावली व झोपलो. दुसऱ्या दिवशी माझी सहा वर्षांची मुलगी त्याचा कान पाहावयास गेली आणि वेदनेने तो तिच्या हाताला चावला. रक्त आले. माझी आई चुना लावण्यास निघाली होती. सुदैवाने तिला थांबविण्याइतके भान मला उरले होते. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुतला आणि मुलीला रुग्णालयात नेले. जखम रक्ताळलेली असल्याने लसीबरोबर जखमेत व तिच्या भोवती सिरमही टोचावे लागले. दंशानंतरची लस पहिल्या दिवशी, आणि तो दिवस शून्य धरून ३ ऱ्या, ७ व्या व २८ व्या दिवशी अशी देण्यात आली.

चावलेले कुत्रे दहा दिवस निरोगी राहिले, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजतात. मोती त्या दहा दिवसांत ठणठणीत होता. परंतु त्यालाच अनोळखी कुत्रे चावले होते, आणि ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाही. अंगात शिरलेला हा रोग कित्येक आठवडे, क्वचित कित्येक महिने, सुप्त राहू शकतो. पशुवैद्यांनी मोतीला ताबडतोब पुन्हा लस टोचली व अनेक महिने त्याला वेगळे ठेवण्यास सांगितले. ते दिवस कसे गेले हे लिहिण्याचे हे स्थान नव्हे. तो एखाद्या सकाळी पाणी प्यायला उशीर करी, तर घरात कोणी बोलत नसे. मोती आज धडधाकट आहे. दोन्ही मात्रा वेळेवर दिल्या असत्या, तर ही टांगणी पुष्कळ हलकी झाली असती.

अलर्क रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस अथवा जनावर जवळजवळ वाचत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली माणसावर ही लस प्रथम वापरली. तेव्हापासून प्रतिबंध हाच उपाय राहिला आहे. चुना, मिरची, हळद, कॉफीची पूड यांपैकी काहीही जखमेवर भरू नये. घरचे कुत्रे आहे, लहान आहे, म्हणून त्याचा दंश सौम्य असे मानू नये.

जंत, गोचीड व विषे

कुत्र्याच्या आतड्यातील एक बारीक पट्टकृमी शेतकऱ्यास विशेष घातक आहे. शेळी-मेंढी कापल्यावर फुफ्फुस व यकृत यांतील पाण्याच्या गाठी काढून कुत्र्यापुढे टाकण्याची चाल आहे. त्या गाठींतून कृमी कुत्र्यात जातो, त्याची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर व हातावर येतात, आणि मग तशाच गाठी मेंढीच्या व माणसाच्या यकृतात वाढतात. असे अवयव पुरावेत किंवा चांगले शिजवावेत. पिलाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून व मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे.

गोचिडांच्या बाबतीत एक चूक वारंवार आढळते. गोठ्यात गुरांसाठी आणलेले औषधच कुत्र्याला लावतात किंवा टोचतात. गुरांचे एक टक्का आयव्हरमेक्टिन ५० किलो वजनास १ मिली या प्रमाणात देतात. आठ किलोच्या कुत्र्यासाठी हिशेब केला तर तो एक पंचमांश मिलीही भरत नाही. नेहमीच्या सिरिंजने तो अंदाजानेच काढला जातो. शिवाय काही जातींच्या कुत्र्यांना हे औषध थोडेही सोसत नाही, आणि संकरित कुत्र्यात कोणाचे रक्त आहे हे आपणास नक्की माहीत नसते. अंगावर लावलेले द्रावण कुत्रे चाटते, ही गोष्ट गाईच्या बाबतीत विचारात घ्यावी लागत नाही. लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा. घुशी-उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही, अशा बेताने बिळात खोल घालावे.

आहारास फार खर्च येत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, शिजविलेले अंडे किंवा मांस, थोडी डाळ, ताजे पाणी. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रे जगते, पण अंगाला लागत नाही. कांदा कच्चा असो वा शिजलेला, तो देऊ नये; त्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. रस्सा-भाकरी टाकणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे. चॉकलेट व द्राक्षेही वर्ज्य. कोंबडीची शिजलेली हाडे टोकदार तुटतात, तीही देऊ नयेत.

उन्हाळ्यात या दाट केसांच्या कुत्र्याला पाहून त्याचे केस भादरण्याचा मोह होतो. तसे करू नये. कुत्र्यास घाम केवळ पंजांच्या तळव्यांना येतो. अंगावरचा दुहेरी केसाळ थर त्याला उन्हापासून झाकतो. रोज विंचरावे, गळलेले केस काढावेत, दुपारी सावली व पाणी द्यावे.

मादी लहान चणीची असेल व नर मोठा असेल, तर विताना ती अडण्याचा संभव असतो. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. पिलांना घर मिळण्याची खात्री नसल्यास शस्त्रक्रिया करून घेणे बरे. न मागितलेली पिले शेवटी बाजाराच्या दिवशी रस्त्यावर सोडली जातात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन सोयीचा आहे. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी बोलून गावात लसटोचणीचे शिबिर घेता येते. वेळ सकाळची ठेवावी. कुत्री दोरीने आणावीत, मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि ओळीत दोन कुत्र्यांमध्ये चार-पाच हात अंतर सोडावे. प्रत्येक घराला कार्ड मिळाले की दुसऱ्या मात्रेची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी. आमच्या घरी ते कार्ड आता सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर ठेवलेले असते.