सिनेमासाठी पाच, गाण्यासाठी दोन

होम थिएटरला वेगळा स्टीरिओ अँप्लिफायर जोडावा का, जोडायचा तर कसा, आणि उपनगरातल्या दिवाणखान्यात त्यातून हाती काय लागतं?

बोरिवली-मुलुंडच्या घरांत होम थिएटर येतं ते बहुधा सिनेमाच्या नाहीतर क्रिकेटच्या निमित्ताने. टीव्हीखाली काळा रिसीव्हर, समोर तीन स्पीकर, सोफ्याच्या मागे दोन आणि कोपऱ्यात सबवूफर. पहिले काही महिने सगळे खूश असतात. मग एका सकाळी घरातलं कुणीतरी त्याच यंत्रावर भीमसेन जोशींचा अभंग किंवा किशोरी आमोणकरांचा भूप लावतं, आणि गाडी अडते. आवाज भरपूर असतो, पण तानपुरा पाठीमागून येतो, गायिका टीव्हीच्या आत बसल्यासारखी वाटते आणि डग्ग्याच्या जागी सबवूफरची धडधड ऐकू येते. मग दुकानदार किंवा एखादा जाणता मित्र सुचवतो, ‘पुढच्या दोन स्पीकरना वेगळा स्टीरिओ अँप लावा, पॉवर वाढेल.’

सल्ला चांगला आहे, कारण मात्र चुकीचं आहे. आपल्याकडच्या खोल्यांना पॉवर सहसा कमी पडत नाही. वेगळ्या अँपचा खरा उपयोग गाण्याची वाट सिनेमाच्या वाटेपासून मोकळी करण्यात आहे. हा फरक आधी समजून घेतला तर पैसे योग्य ठिकाणी जातात.

सिनेमातूनच आलेला स्टीरिओ

गंमत अशी, की दोन स्पीकरच्या स्टीरिओची कल्पना मुळात सिनेमा पाहतानाच सुचली, असं सांगतात. ईएमआय कंपनीतला इंग्लिश इंजिनिअर अ‍ॅलन ब्लमलाइन याला बोलपटात एक गोष्ट खटकली : नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज एकाच जागी खिळलेला राहतो. डिसेंबर १९३१मध्ये त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्टीरिओ तबकड्या बाजारात यायला मात्र १९५८ साल उजाडलं.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सिनेमाला प्रेक्षकाभोवती आवाजाचं रिंगण हवं होतं. १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ आला तो सत्तर एमएम आणि स्टीरिओफोनिक ध्वनी घेऊन. मुंबईत तो ज्या मिनर्व्हामध्ये वर्षानुवर्षं चालला ते थिएटर लॅमिंग्टन रोडवरचं, म्हणजे मुंबईकर आजही ज्या रस्त्यावर अँप, केबल आणि कनेक्टर शोधत फिरतो तिथलंच. १९९४च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने हिंदी सिनेमात डॉल्बी स्टीरिओ आणला आणि पुढच्या काळात ५.१ ही भाषा घराघरांत पोहोचली. या रचनेत बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. डावा-उजवा स्पीकर संगीत आणि हालचाल सांभाळतात आणि मागचे दोन वातावरण उभं करतात.

गाण्याचं तसं नाही. आपल्या संग्रहातल्या सीडी, एलपी आणि स्ट्रीमिंगवरचे जवळपास सगळे अल्बम दोनच वाहिन्यांचे असतात. रिसीव्हरला ते मिळाले की तो बरेचदा सवयीने त्यांचे पाच-सात भाग करतो. तानपुरा पाठीमागे जातो तो असा. म्हणून पहिला उपाय फुकटचा : रिमोटवरचं ‘स्टीरिओ’, ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ हे बटण दाबा आणि आठवडाभर तसंच ऐका. काही घरांत प्रश्न इथेच मिटतो.

वॅटचं गणित

आता पॉवरकडे वळू. मध्यम आकाराच्या पुष्कळ स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबलच्या आसपास असते. याचा अर्थ, एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. सोफा अडीच मीटरवर धरला तर त्यातले सुमारे ८ डेसिबल कमी होतात. स्पीकर दोन असल्यामुळे ३ परत मिळतात आणि भिंतींवरून उसळणाऱ्या आवाजाची भर वेगळीच. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एकेक वॅट देऊन ८२ डेसिबलच्या पुढे जाता येतं. साधं बोलणं ६०च्या आसपास असतं. सम गाठतानाचा तबल्याचा ठोका किंवा ऑर्केस्ट्राचा उसळता क्षण ९५ला न्यायचा तर १३ डेसिबल जास्त, म्हणजे वीसपट पॉवर लागेल. तरीही हिशेब वीस वॅटवरच थांबतो.

याच्या शेजारी ध्वनिप्रदूषण नियम, २००० ठेवून पाहा. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे शेजारी कायद्याच्या आधीच बेल वाजवतील. सबवूफरची थरथर स्लॅबमधून सरळ खाली उतरते.

खोक्यावरचे आकडेही नीट वाचायला हवेत. डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच घ्या. आठ ओहमवर, दोन वाहिन्या चालू, संपूर्ण श्राव्य पट्टा, या कसोटीवर तो वाहिनीमागे ८० वॅट देतो. सहा ओहमवर एकच वाहिनी, एकच सूर आणि जास्त विकृती चालवून घेतली की त्याच यंत्राचा आकडा १४५ होतो. दोन्ही आकडे खरे, कामाचा पहिला. शिवाय ८०चे १६० वॅट केले तरी फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे व्हॉल्यूमचं बटण जरासं फिरवण्याइतका.

अपवाद आहेत. स्पीकर चार ओहमचे असतील, संवेदनशीलता ८४-८५वर असेल किंवा दिवाणखाना आणि जेवणघर मिळून मोठी मोकळी जागा असेल, तर रिसीव्हर दमतो. सोसायटीच्या एकाच टाकीवर सात नळ एकदम सोडले की धार बारीक होते, तसं रिसीव्हरमधल्या एकाच पॉवर सप्लायवर सात वाहिन्या असतात. पुढच्या दोन वेगळ्या अँपवर गेल्या की उरलेल्या पाचांना थोडा मोकळा श्वास मिळतो.

आणि एक गैरसमज : सिनेमातले संवाद नीट कळत नाहीत म्हणून स्टीरिओ अँप घेऊ नका. संवाद सेंटर स्पीकरमध्ये असतात आणि तो रिसीव्हरच्याच ताब्यात राहणार आहे.

मग मिळतं काय?

पहिली गोष्ट म्हणजे साधेपणा. टर्नटेबल, सीडी प्लेअर किंवा स्ट्रीमर थेट स्टीरिओ अँपला जोडलेला असतो. गाणं ऐकायला टीव्ही लावायला नको, रिसीव्हरचा मेनू नको. आजोबांनाही एक बटण आणि एक नॉब पुरतो. गाणं ऐकणं सोपं झालं की ते जास्त ऐकलं जातं, आणि हा फायदा कुठल्याही वॅटमध्ये मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट आयुष्याची. रिसीव्हर लवकर जुना होतो, कारण तो चित्राच्या तंत्राला बांधलेला असतो. एचडीएमआय २.० आलं २०१३मध्ये, २.१ जाहीर झालं २०१७मध्ये. टीव्ही बदलला की रिसीव्हरही बदलावासा वाटतो. स्टीरिओ अँपच्या आरसीए सॉकेटमध्ये चाळीस वर्षांत काही बदललेलं नाही. चांगला अँप आणि चांगले स्पीकर एकदा घेतले की रिसीव्हर स्वस्तातला असला किंवा वारंवार बदलला तरी गाण्याला धक्का लागत नाही.

तिसरा मुद्दा आवाजाच्या पोताचा, आणि यावर दुकानातली मतं जपून ऐकावीत. दोन यंत्रांची तुलना करताना एखादं जरा जरी मोठ्याने वाजलं तरी कानाला तेच सरस वाटतं. म्हणून फोनवरच्या डेसिबल मीटरने दोन्हींची पातळी सारखी करा, ओळखीची एकच बंदिश लावा आणि कुठला अँप चालू आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. तरीही फरक जाणवला तर तो तुमच्यासाठी खरा.

जोडणी : एक केबल, चार खबरदाऱ्या

खरेदीआधी रिसीव्हरची पाठ पाहा. तिथे ‘प्री-आउट’ या नावाखाली ‘फ्रंट’ डावा-उजवा असे सॉकेट हवेत. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ किंवा वर सांगितलेला एक्स१७००एच अशा सुरुवातीच्या रिसीव्हरमध्ये प्री-आउट फक्त सबवूफरसाठी असतो. एक्स३७००एचसारख्या वरच्या श्रेणीत तो सगळ्या वाहिन्यांना मिळतो.

स्टीरिओ अँपवर ‘होम थिएटर बायपास’, ‘मेन इन’, ‘पॉवर अँप इन’ किंवा ‘प्रोसेसर’ यांपैकी एखादं नाव शोधा. रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आउटपासून इथपर्यंत आरसीए केबलची जोडी टाकायची आणि पुढचे दोन स्पीकर रिसीव्हरमधून काढून अँपला लावायचे. सिनेमाच्या वेळी अँपचा व्हॉल्यूम बाजूला राहतो आणि सगळं रिसीव्हरच्या रिमोटवर चालतं. गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंद.

अँपवर बायपास नसेल तर साध्या ‘ऑक्स’मध्ये जोडता येतं. मग नॉबची एक जागा ठरवून तिथे खूण करायची आणि सिनेमा लावताना नॉब न चुकता तिथे आणायचा. दोन्ही प्रकारांत जोडणीनंतर रिसीव्हरसोबतचा छोटा माइक सोफ्यावर ठेवून मोजणी पुन्हा करायलाच हवी, कारण नव्या अँपमुळे पुढच्या स्पीकरची पातळी बदललेली असते.

खबरदाऱ्या अशा. रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलची वायर अँपच्या इनपुटला कधीही जोडू नका. एकाच स्पीकरला दोन अँप एकाच वेळी लावू नका. बायपासमध्ये फोन किंवा सीडी प्लेअर जोडू नका. तिथे व्हॉल्यूमवर ताबा नसतो आणि पूर्ण ताकदीने स्पीकर उडू शकतो. चालू करताना रिसीव्हर आधी आणि अँप नंतर. बंद करताना उलट.

घरात जुना अँप असेल तर लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी माळ्यावर चढा. १९८०च्या दशकातल्या कॉस्मिक, सोनोडाइनसारख्या अँपना पुष्कळदा पाच पिनांचे गोल डिन सॉकेट असतात. डिन ते आरसीए केबल मिळते. काही जुन्या अँपच्या पाठीवर ‘प्री-आउट’ आणि ‘मेन इन’ यांना जोडणारे धातूचे आकडे दिसतात. ते काढले की मेन इन तयार. मात्र इतक्या वर्षांनी आतले कपॅसिटर वाळलेले असण्याची शक्यता मोठी. आधी मेकॅनिककडून तपासून घ्या, मगच महागडे स्पीकर लावा.

घूं आवाज आणि खारा वारा

नवा अँप लावताच स्पीकरमधून बारीक घूं ऐकू आला तर घाबरू नका. आपली वीज, अंधेरी-बोरिवलीत अदानीची असो की मुलुंड-भांडुपला महावितरणची, ५० हर्ट्झची आहे, आणि ५० किंवा १०० हर्ट्झचा हा घूं बहुधा अर्थिंगच्या दोन वाटा झाल्यामुळे येतो. रिसीव्हर, अँप आणि सबवूफर एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिला तर केबल टीव्हीची वायर काढून पाहा. पुष्कळदा गुन्हेगार तीच असते. घूं घालवायला तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे कारागीर भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. जुन्या इमारतीत अर्थिंगचीच शंका असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा.

वर्सोव्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्यातल्या दमटपणात आरसीए प्लग काळे पडतात, एक बाजू खरखरते किंवा गप्प होते. पावसाळ्याआधी आणि नंतर सगळं बंद करून प्लग काढून पुसून पुन्हा बसवा. अँपला दार लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये कोंडू नका. वर वीतभर मोकळी जागा हवी.

आधी खोली

दहा बाय पंधरा फुटांचा दिवाणखाना स्वतःही वाजतो. पंधरा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ३७-३८ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा सूर घुमतो. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो सगळ्यात जाड ऐकू येतो. कितीही महाग अँप आणला तरी हे बदलत नाही. सोफा फूट-दीड फूट पुढे ओढला, स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून बाहेर काढून कानाच्या उंचीवर आणले, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण केला, गुळगुळीत लादीवर जाड सतरंजी अंथरली आणि खिडकीला भरीव पडदे लावले, तर होणारा बदल अँपच्या फरकापेक्षा मोठा असतो. खर्चाचा क्रमही तोच ठेवावा : मांडणी, मग स्पीकर, मग अँप.

एवढं करूनही रोज गाणं ऐकणारं घर असेल आणि रिसीव्हरला प्री-आउट असेल, तर वेगळा स्टीरिओ अँप जरूर घ्या. आणि सिनेमा महिन्यातून एखाद्याच वेळी लागत असेल तर हिशेब उलटा मांडून पाहा. रिसीव्हर, सेंटर आणि मागचे स्पीकर विकून टाका, टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने किंवा एचडीएमआय एआरसीने थेट स्टीरिओ अँपला द्या आणि उरलेले पैसे दोन चांगल्या स्पीकरमध्ये घाला. उपनगरातल्या खोलीत अशा दोन स्पीकरवर संवाद समोरून, पडद्याच्या मधोमध ऐकू येतात, आणि वायरीही निम्म्या होतात.