चुंबकीय खुर्ची : कोणासाठी, कशासाठी?

साठी उलटल्यावर अनेक पुरुषांचा दिनक्रम मूत्राशय ठरवू लागते. प्रवास टळतो, कीर्तनाला बसणे नकोसे होते, रात्री वारंवार उठावे लागते आणि अंधारात पडण्याचे भय वाढते. संकोचामुळे हे दुखणे घरातही बोलले जात नाही. अशा वेळी सुई, शस्त्रक्रिया वा कपडे उतरवण्याची गरज नसलेली चुंबकीय उपचाराची खुर्ची आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे.

या खुर्चीच्या बैठकीखाली तारेचे वेटोळे असते. त्यातून विजेचे क्षणिक झोत सोडले की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते व शरीरात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले हेच तत्त्व. या प्रवाहाने मज्जातंतू चेतवले जातात आणि मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू आकुंचन पावतात. बाजारातील चुंबकीय गाद्या व पट्ट्यांतील चुंबक स्थिर असतात; त्यांच्याकडून हे कार्य होत नाही.

लघवीवरील ताबा सुटणे किंवा अनावर घाई होणे, अशा तक्रारींत काही रुग्णांना या उपचाराचा लाभ होतो. प्रोस्टेट ग्रंथी काढल्यानंतर लघवी गळणाऱ्या ३६ रुग्णांचा जपानी अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा खुर्चीचा उपचार घेणाऱ्यांचा ताबा लवकर परतला. परंतु सहा महिन्यांनी सर्व गट जवळपास सारखेच झाले.

मात्र वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी या उपचाराने लहान होत नाही. धार बारीक होणे, लघवी अडणे, मूत्राशय रिकामे न होणे यांचे मूळ अडथळ्यात असेल, तर खुर्चीवर बसण्यात वेळ व पैसा दवडू नये. प्रथम मूत्ररोगतज्ज्ञांकडून लघवी, रक्तशर्करा, प्रोस्टेट व सोनोग्राफीची आवश्यक तपासणी करून घ्यावी. पेसमेकर किंवा शरीरात धातूचे रोपण असल्यास ते आधीच सांगावे.

घरच्यांनी तीन दिवस पाणी पिण्याच्या व लघवीच्या वेळा आणि प्रमाण लिहून ठेवावे; निदानास मोठी मदत होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, वायू रोखताना आवळतो ते स्नायू पाच सेकंद आवळून सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी पूर्ण तुंबली, तिच्यात रक्त दिसले किंवा थंडीताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.