फ्लोरिडात भाड्याने द्यायला घर घेताय? आधी विम्याचं बघा

टँपाच्या आसपास एखादं घर घ्यायचं, काही वर्षं भाड्याने द्यायचं आणि निवृत्तीनंतर तिथेच येऊन राहायचं, हा बेत अमेरिकेतल्या मराठी घरांत आता सर्रास ऐकू येतो. न्यू जर्सी, शिकागोकडच्या थंडीला कंटाळलेली मंडळी मला फोन करतात. मी टँपात विमा एजंट आहे. भाड्याने दिलेल्या घरांचे विमे उतरवणं हे माझं रोजचं काम. भाडं किती येईल, कर्जाचा हप्ता किती बसेल, याचं गणित या मंडळींनी आधीच मांडलेलं असतं. विम्याचं मात्र ‘बघू नंतर’. मी प्रत्येकाला एकच सांगते : इथे घराच्या आधी विमा बघा, आणि तो बघताना वारा वेगळा धरा, पाणी वेगळं धरा.

असं का, ते २०२४ साली आमच्या भागाने अवघ्या तेरा दिवसांत पाहिलं. २६ सप्टेंबरला हेलिन हे चक्रीवादळ समुद्रातूनच आम्हाला वळसा घालून दूर उत्तरेला, पेरी गावाजवळ किनाऱ्याला धडकलं. टँपाच्या खाडीत वाऱ्याने फारसं नुकसान केलं नाही, पण फुगलेला समुद्र सखल वस्त्यांमध्ये शिरला. ९ ऑक्टोबरला मिल्टन आलं, सिएस्टा की बेटाजवळ. त्याच्या वाऱ्याने सेंट पीटर्सबर्गमधल्या ट्रॉपिकाना फील्ड या बंदिस्त बेसबॉल स्टेडियमचं कापडी छत फाडून टाकलं. हेलिनने भिजवलेल्या सामानाचे ढीग तेव्हा रस्त्याकडेला तसेच पडून होते.

हेलिननंतर मी शोअर एकर्स भागात एका मराठी जोडप्याचं भाड्याने दिलेलं घर बघायला गेले. मालक राहणार दुसऱ्या राज्यात, त्यांनीच मला विनंती केली होती. छपराचा एक तुकडा हललेला नव्हता. खिडक्या शाबूत. आत मात्र भिंतीवर मांडीच्या उंचीला तपकिरी रेघ उमटली होती. इथल्या भिंतींना आतून जिप्समचे तक्ते लावलेले असतात. ते पाणी शोषून फुगतात आणि बघता बघता बुरशी धरतात. त्यामुळे मजूर चार फुटांपर्यंतचे तक्ते कापून बाहेर टाकत होते. त्याच ढिगात भाडेकरूंच्या गाद्या होत्या, मुलीचं दप्तर होतं. मालकांकडे पॉलिसी होती आणि हप्ता वेळेवर भरलेला होता. पण ती वाऱ्याची. समुद्राचं पाणी वादळाने ढकलत आणलेलं असलं, तरी विम्याच्या भाषेत तो पूर, आणि अमेरिकेतल्या सर्वसाधारण घरविम्यात पूर धरलेला नसतो. त्या दाव्यावर एक डॉलरही मिळाला नाही.

भारतातून आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, ते साहजिकच आहे. आपल्याकडे एप्रिल २०२१पासून असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ आणि पूर एकत्रच येतात. इथे पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. त्यासाठी १९६८पासून सरकारी राष्ट्रीय पूरविमा योजना आहे, शिवाय काही खासगी कंपन्याही आहेत. सरकारी योजनेत घराच्या बांधकामाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि आतल्या सामानाला एक लाख डॉलर मिळतात. पण भाड्याने देणाऱ्याने तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. घर दुरुस्त होईपर्यंत बुडालेलं भाडं ही योजना देत नाही. मालक स्वतः त्या घरात राहत नसल्याने बांधकामाची भरपाई घसारा वजा करून मिळते, म्हणजे जुन्या फरशीला जुन्या फरशीचीच किंमत. आणि पॉलिसी एरवी तीस दिवसांनी लागू होते. घर घेताना कर्जासोबत काढली, तर ही अट नसते.

पूरविम्याची सक्ती बँक करते, पण फक्त नकाशावरच्या जोखमीच्या पट्ट्यात, आणि कर्ज असेल तरच. रोखीने घर घेतलं किंवा ते पट्ट्याबाहेर असलं, तर बँक विचारत नाही, आणि तिथेच लोक फसतात. पट्ट्यातल्या घराला आणखी एक नियम लागू होतो. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत गेला, तर ती आजच्या नियमांनुसार नव्याने सुरक्षित करावी लागते. याचा अर्थ बहुतेक वेळा पूर्ण घर उचलून उंचावर घ्यायचं. यात जमिनीची किंमत धरत नाहीत, त्यामुळे जुनी, बैठी घरं ही मर्यादा लवकर ओलांडतात.

आता वाऱ्याची पॉलिसी. स्वतः राहत असलेल्या घराची पॉलिसी भाड्याच्या घराला चालत नाही. भाडेकरू ठेवला आणि कंपनीला कळवलंच नाही, तर ऐन गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. भाड्याच्या घरासाठी डीपी-१, डीपी-३ अशा पॉलिसी असतात. डीपी-३ अधिक व्यापक, मी शक्यतो तीच सुचवते. नुकसान पॉलिसीत बसणारं असेल, तर दुरुस्तीच्या काळातलं बुडालेलं भाडंही तीत मिळू शकतं. मर्यादा किती, ते वाचून घ्या. घर सुट्ट्यांपुरतं पर्यटकांना देणार असाल, तर तसं आधीच सांगा. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर बराच काळ रिकामं राहिलं, तर काही नुकसानीचं संरक्षण थांबतं, तेही विचारून ठेवा. आणि भाडेकरूच्या सामानाला मालकाचा विमा लागू होत नाही. त्याने स्वतःचा विमा काढावा, अशी अट करारात घाला. त्या मुलीच्या दप्तरासाठी, गाद्यांसाठी तिच्या आईवडिलांना कुठूनच काही मिळालं नाही. भाडेकरूंनाही पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हरिकेनसाठी डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपल्या खिशातून सोसायचा पहिला भाग, टक्क्यांत असतो आणि तो विम्याच्या रकमेवर मोजतात. घराचा विमा चार लाखांचा असेल, तर दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर, पाच टक्के म्हणजे वीस हजार. हप्ता कमी दिसतो म्हणून पाच टक्के घेणाऱ्याने वीस हजार डॉलर बाजूला काढून ठेवलेले असावेत. फ्लोरिडात एक दिलासा आहे : विमा त्याच कंपनीचा असेल, तर एका कॅलेंडर वर्षात हे हरिकेन डिडक्टिबल एकदाच पूर्ण सोसावं लागतं.

इथले हप्ते भारी का, याचं मूळ १९९२च्या अँड्र्यू वादळात आहे. मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड परिसर त्याने भुईसपाट केला आणि फ्लोरिडातल्या अकरा विमा कंपन्या बुडाल्या. पुढे राज्याने कंपन्यांना आधार द्यायला आपत्ती निधी उभारला, २००२मध्ये नवी बांधकाम संहिता लागू केली आणि ज्यांना कोणी विमा देत नाही त्यांच्यासाठी ‘सिटिझन्स’ ही कंपनी काढली.

हप्ता कमी करायचा सरळ मार्ग घरातच असतो. वाऱ्याची तपासणी करणारा निरीक्षक माळ्यावर रांगत जातो, टॉर्च मारतो आणि छपराचा वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथला फोटो काढतो. तिथे नुसते तिरके खिळे मारलेत, की धातूची पट्टी आहे, आणि पट्टीला किमान तीन खिळे आहेत का, यावर सवलत ठरते. छपराचा आकार, खिडक्यांना वादळी झडपा आहेत की नाहीत, हेही बघतात. घर जुनं असेल, तर खरेदीपूर्वीच ही तपासणी करून घ्या. शंभरेक डॉलरचा खर्च आहे, पण त्यातून घराची खरी ताकद कळते.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळ समुद्रात दिसू लागलं की कंपन्या नवे विमे देणं थांबवतात. त्या दिवशी येणाऱ्या फोनला माझ्याकडे उत्तर नसतं, आणि तो ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंग मला दरवेळी जड जातो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. घराला ऑफर देण्याआधी त्याच पत्त्यावर वाऱ्याच्या आणि पुराच्या अशा दोन्ही विम्यांचे दर लेखी मागवा. दोन्ही हप्ते आणि बाजूला ठेवायचं डिडक्टिबल वर्षाच्या भाड्यातून वजा करा. नकाशा काहीही सांगो, किनाऱ्याजवळ पूरविमा घ्याच. एवढं करून गणित जुळलं, तर घर जरूर घ्या. नाही जुळलं, तर ते घर कितीही आवडलेलं असलं तरी सोडून द्या.